सखी, रझाकार आणि आपला मोहल्ला

गोव्यात त्यांना 'सखी' म्हणतात, पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांत 'रझाकार'. मराठवाड्यातल्या वाचकाला हा दुसरा शब्द ऐकून वेगळंच काही आठवेल. पण उर्दूत त्याचा साधा अर्थ स्वयंसेवक एवढाच आहे. दोन्हीकडच्या या बायका साध्या घरांतल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या. त्या डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, मानसशास्त्राची पदवीही त्यांच्याकडे नाही. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, मनाने खचलेल्या बाईच्या घरी जायचं आणि शिकवलेल्या पद्धतीने तिच्याशी बोलायचं, हे त्यांचं काम. एकच पुस्तिका, एकच पद्धत, दोन देश. ज्या दोन देशांतल्या माणसांना एकमेकांकडे लग्नाला जायचं तरी व्हिसासाठी महिनोन् महिने थांबावं लागायचं, त्या दोन देशांच्या संशोधकांनी ही पद्धत एकत्र तपासली आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात निष्कर्ष छापले.

या कामामागे बरीच माणसं आहेत. त्यातली दोन नावं आपल्या तरुणांना माहीत असायला हवीत: पाकिस्तानचे डॉ. आतिफ रहमान आणि मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल. हा लेख मुख्यतः पटेल यांच्या संशोधनाबद्दल आहे, पण व्यक्तिपूजेसाठी नाही. त्यांचं काम आपल्या मोहल्ल्यांच्या फार उपयोगाचं आहे आणि आपल्या संघटनांनी त्याकडे अजून पाहिलेलंच नाही, म्हणून लिहितोय.

हरारे ते गोवा

पटेल यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलं, रोड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि पुढे लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते झिम्बाब्वेत होते. तिथे त्यांनी दवाखान्यांत येणारे आणि पारंपरिक वैदूंकडे जाणारे, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा अभ्यास केला. 'मला डिप्रेशन आहे' असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. शोना भाषेत लोक 'कुफुंगिसिसा' म्हणत, म्हणजे फार विचार करत राहणं. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातली प्रश्नावली भाषांतर करून वापरली नाही. लोकांच्याच शब्दांतून चौदा प्रश्नांची एक यादी बनवली. पुढे डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाक टाकून, त्यावर म्हाताऱ्या आज्यांना बसवून समुपदेशन सुरू केलं. २०१६ मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी झाली, तेव्हा मोजमापाला हीच यादी कामी आली.

१९९६ मध्ये पटेल यांनी सहकाऱ्यांसोबत गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. इथेही पहिला धडा भाषेचाच मिळाला. आरोग्य केंद्रात येणारी बाई 'मन उदास आहे' म्हणत नाही. ती अंगदुखी सांगते, झोप नाही म्हणते, अशक्तपणा सांगते, अंगावरून पांढरं जातं म्हणते. गोव्यातल्या बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की या शेवटच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त आहे. आपल्याकडच्या किती भाभी आणि खाला वर्षानुवर्षं याच तक्रारीसाठी कॅप्सूल खातायत, ते आठवून पाहा. आणि 'टेन्शन' हा शब्द! तो सगळ्यांना कळतो आणि त्याने कुणी वेडं ठरत नाही. गोव्यातल्या समुपदेशकांनी हाच शब्द हाताशी धरला.

२००२ मध्ये पटेल, मेर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी गोव्यातल्या २७० बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. कारणं कोणती? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. हे वाचून 'आपल्या दीनमध्ये मुलीला रहमत मानतात' असं पटकन म्हणावंसं वाटेल. खरंच मानतात. मग आपल्या घरात दुसरी मुलगी झाल्यावर मिठाई वाटताना सगळ्यांचे चेहरे कसे होते, तेही आठवावं.

डॉक्टर नाहीत, मग काय?

आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ फार थोडे आहेत आणि आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. खाजगीत समुपदेशकाच्या एका बैठकीला हजार-दीड हजार रुपये लागतात. माझ्यासारख्या आयटीत नोकरी करणाऱ्याला ते जमतं. माझ्यासोबत उर्दू शाळेत शिकलेला आणि आज भिवंडीत लूमवर किंवा मुंब्र्यात रिक्षावर असलेला मित्र ते पैसे कुठून आणणार?

यावर पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर असं: तज्ज्ञांचं सगळं काम नाही, पण त्यातलं ठरावीक, शिकवता येण्याजोगं काम साध्या माणसांना द्यायचं. 'मानस' नावाच्या चाचणीत गोव्यातले २४ दवाखाने होते, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी. अर्ध्या ठिकाणी स्थानिक, तज्ज्ञ नसलेले समुपदेशक नेमले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांत ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नव्हते तिथे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. हा निकाल त्यांनी लपवला नाही. खाजगीतला फॅमिली डॉक्टर रुग्णाला आधीपासून ओळखतो, वेळ देतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. मला हा न पडलेला फरकच मोलाचा वाटतो. आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या डॉक्टरसाहेबांनी दोन मिनिटं थांबून 'घरी सगळं ठीक आहे ना, बेटा?' असं विचारणं हाही उपचाराचा भाग आहे, एवढं तरी त्यातून घेता येईल.

पुढच्या चाचणीत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. सहा ते आठ बैठका, आणि पद्धत अगदी सोपी: खचलेला माणूस हळूहळू सगळं सोडून देतो, तर त्याला एकेक छोटी गोष्ट पुन्हा करायला लावायची. तीन महिन्यांनी अशा ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलं होतं, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांमध्ये ३९ टक्के लोकांचं. अभिजित नाडकर्णी यांनी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांवर अशीच चाचणी केली. तिथे फरक लहान निघाला, ३६ विरुद्ध २६ टक्के. दारू हराम आहे म्हणून आपल्याकडे कुणी पीत नाही, असं समजणाऱ्यांनी आपल्या नाक्यावर रात्री अकरानंतर एक फेरी मारावी. उलट हराम असल्यामुळे आपला माणूस मदतीला जास्त उशिरा येतो.

यातली देखरेखीची पद्धत माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. समुपदेशक आपल्या बैठकांचं रेकॉर्डिंग करत, मग सगळे गटाने बसून ते ऐकत आणि एकमेकांना गुण देत. सॉफ्टवेअरमध्ये एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तसंच. 'साध्या माणसांना काम द्या' याचा अर्थ 'वाट्टेल ते करू द्या' असा होत नाही. चांगलं मन पुरेसं नसतं. पद्धत लागते, तपासणी लागते, आणि केस हाताबाहेर जातेय असं दिसलं की डॉक्टरकडे पाठवायची शिस्त लागते.

एकट्याचं काम नव्हे

पटेल आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत. 'टाइम' साप्ताहिकाच्या २०१५ च्या शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांचं नाव होतं. पण त्यांच्या शोधनिबंधांवरची नावं वाचली की वेगळंच चित्र दिसतं. गोव्याच्या समाजसेविका, लंडनचे संख्याशास्त्रज्ञ, विदर्भात काम करणारे राहुल शिधये. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत 'विश्राम' प्रकल्प झाला, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेण्याबद्दलची एक चाचणी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तिच्या लेखकांत साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकर आहेत. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलं, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. या चाचणीतला फायदा माफक होता, आणि त्यातून हेही कळतं की गंभीर आजारात डॉक्टर आणि औषधं यांना पर्याय नाही. घरी येणारा कार्यकर्ता त्यांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही.

आणि आतिफ रहमान. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी रावळपिंडीच्या ग्रामीण भागात सरकारी 'लेडी हेल्थ वर्कर'ना शिकवून बाळंतिणींच्या नैराश्यावर काम केलं. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पुस्तिका सगळ्या जगासाठी छापली. म्हणजे एका पाकिस्तानी खेड्यात, पडदा पाळणाऱ्या बायकांमध्ये घडलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. मग रहमान आणि पटेल यांनी विचारलं: आरोग्यसेविकाही आधीच कामाने वाकल्यात, तर शेजारणीच हे करू शकतील का? त्यातून सखी आणि रझाकार आल्या. निकाल संमिश्र लागला. सहा महिन्यांनी गोव्यात नैराश्य उतरलेल्या बायका जास्त दिसल्या, रावळपिंडीत त्या मोजमापावर स्पष्ट फरक दिसला नाही. तोही त्यांनी तसाच छापला. आपल्याकडच्या कितीतरी 'यशस्वी' शिबिरांचे अहवाल इतक्या प्रामाणिकपणे लिहिले जातात का?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातच ऐकू येतो: इमान कमजोर आहे, नमाज पढ, सगळं ठीक होईल. नमाजने मनाला आधार मिळतो, यात वाद नाही. पण उदासी म्हणजे इमानाची कमतरता, हे कुठून आलं? बीबी खदीजा आणि अबू तालिब गेले त्या वर्षाला आपली परंपराच दुःखाचं वर्ष म्हणते. हजरत याकूब (अ.) यांची मुलाच्या विरहात रडून दृष्टी गेली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या इमानावर कोण बोट ठेवणार? आधी उंट बांधा, मग तवक्कल करा, ही शिकवण ताप आणि डायबेटिसला लागू होते, तर मनाला का नाही? दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाला आजार होतात आणि त्यांना इलाज असतो, हे आपल्याला पश्चिमेकडून शिकावं लागलेलं नाही. आपण ते विसरलो, एवढंच.

या विसरण्याची किंमत मोठी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ माणसं मेली. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुणालाही साखळीने बांधायला बंदी आहे. तरीही 'हाजरी' येते म्हणून दर्ग्यात महिनोन् महिने ठेवलेली मुलगी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मी दर्गा बंद करा म्हणत नाही. गुजरातच्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रम झाला. मुजावरांना प्रशिक्षण दिलं, दुआसाठी आलेल्या माणसाला ते शेजारीच बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवू लागले. दुआ गेली नाही आणि दवाही मिळाली. महाराष्ट्रातल्या किती दर्ग्यांचे ट्रस्ट हे करायला तयार आहेत?

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: हे सगळं पाश्चात्त्य आहे, माणसाच्या दुःखाला आजाराचं लेबल लावणं आहे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पुण्याच्या 'बापू ट्रस्ट'च्या भार्गवी दवर यांनी जागतिक मानसिक आरोग्याच्या नावाखाली मनोविकारशास्त्राचा एकच साचा सगळीकडे नेण्याला आयुष्यभर विरोध केला. स्वतः त्रास भोगलेल्या माणसांचं म्हणणं आधी ऐका, असा त्यांचा आग्रह होता. तो बरोबर आहे. पण हरारे, गोवा आणि रावळपिंडीतलं काम मला दोन्ही बाजूंना जोडणारं वाटतं, कारण त्यात शब्द लोकांचे आहेत, बोलणारी बाई शेजारची आहे, आणि औषधाआधी गप्पा आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे: आमचं दुःख मेंदूत नाही, परिस्थितीत आहे. नाव ऐकून घर भाड्याने मिळत नाही, व्हॉट्सअॅपवर रोज आमच्याविरुद्ध विष येतं, मुलगा उशिरा घरी आला तर आईचा जीव टांगणीला लागतो. समुपदेशक काय करणार? पटेल आणि आर्थर क्लाइनमन यांनी २००३ मध्येच लिहिलं, की नुसत्या कमी उत्पन्नापेक्षा असुरक्षितता, निराशा आणि हिंसेची टांगती भीती मनाचे आजार वाढवते. म्हणजे आपल्या म्हणण्याला शास्त्राचाही दुजोरा आहे. पण म्हणून आधी न्याय मिळू दे, मग मनाचं बघू, असं म्हणता येत नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. त्या दहा वर्षांत वकिलासाठी चंदा गोळा झाला, मोर्चे निघाले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अशा घरातल्या आईच्या झोपेसाठी, लहान भावाच्या भीतीसाठी आपल्या संघटनांकडे काय होतं? लढाई लांबची असते, तेव्हा लढणाऱ्यांची मनं सांभाळणं हाही लढाईचाच भाग असतो.

आपण काय करू शकतो

पटेल, लक्ष्मी विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतातल्या आत्महत्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येने मरण पावलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के आणि बायकांपैकी ५६ टक्के १५ ते २९ वयाचे होते. म्हणजे आपल्याच वयाची पोरं. आपल्याकडे आत्महत्या हराम मानली जाते, म्हणून अशा मृत्यूबद्दल घरातही बोलत नाहीत, आणि ज्याच्या मनात विचार येतो तोही बोलत नाही. एखाद्याला थेट विचारल्याने त्याच्या डोक्यात हा विचार भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचाच त्याला आधार होतो.

मोहल्ल्यात पाच-सहा जण, त्यात निम्म्याहून जास्त बायका, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. एखाद्या मानसशास्त्रज्ञाने त्यांना शिकवायचं आणि दर पंधरा दिवसांनी त्यांचं काम तपासायचं. दखनी, मराठी आणि कोकणी मुस्लिम बोलीत छोट्या पुस्तिका तयार करायच्या. त्यात 'डिप्रेशन'च्या आधी 'टेन्शन', 'जी घबराना', 'दिल बैठना' हे शब्द यायला हवेत. पटेल यांनी २००३ मध्ये, जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी एक सोपं पुस्तक लिहिलं. ते आपल्या प्रत्येक संघटनेच्या कपाटात असावं. मशिदीच्या वरच्या मजल्यावर, शाळेत, जमातखान्यात आठवड्यातून दोन तास जागा मिळाली तरी चालेल. बायकांसाठी घरी जाणारी शेजारीणच बरी, कारण अनेकींना एकटं बाहेर पडू दिलं जात नाही. घरी येणारी बाई मात्र चालते. रावळपिंडीचा धडा तोच आहे.

एक धोका आहे, त्याबद्दल आधीच बोलायला हवं. मोहल्ल्यात गोष्ट लपत नाही. ज्या मुलीचं लग्न ठरायचंय तिच्याबद्दल एक शब्द बाहेर गेला तर पुढचं सगळं बिघडतं. म्हणून बोलणारी व्यक्ती त्याच गल्लीतली नसावी, नोंदवहीत नाव नसावं, आणि ज्याच्याकडून गोष्ट फुटेल त्याला त्याच दिवशी कामातून काढावं. इथे बिरादरीची भीड चालणार नाही. त्याच मुलीला घरात मारहाण होत असेल, तर 'सबर कर' हे समुपदेशन नव्हे. तिला वकिलापर्यंत आणि पोलिसांपर्यंत नेणं हा कामाचाच भाग मानायला हवा.

आणि मोजा. आपल्यात इंजिनीअर झालेली पोरं कमी नाहीत. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली, सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. फरक पडला नाही तर तसंच लिहायचं आणि पद्धत बदलायची. विद्यापीठांतल्या संशोधकांना आपणच बोलवायला हवं: या, आमच्या मोहल्ल्यात चाचणी करा, पण प्रश्न आमच्यासोबत बसून ठरवा. गोव्याचे संशोधक रावळपिंडीच्या संशोधकांसोबत काम करू शकतात, तर मुंब्र्याची संस्था ठाण्याच्या कॉलेजसोबत नक्कीच करू शकते.

हे उभं राहीपर्यंत एक नंबर फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका: १४४१६. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही. जुम्म्याच्या नमाजनंतर हा नंबर मशिदीच्या फलकावर लावायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. मुतवल्लींना भेटा, या आठवड्यातच लावा.